फुटबॉलच्या ब्लॅडरमधला वायू

गवळी सर वायूचा नमुना फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरत. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात दुसरं साधनच नव्हतं. फुगलेला ब्लॅडर छातीशी धरून ते जिना उतरत आणि ओरडत, "सरका रं! रबरातनं ग्यास निसटतो. तासाभरात तपासायचा, न्हायतर मागं उरतंय ते खोटं!"

सर मंगळवेढ्याकडचे. तापलेल्या उत्प्रेरकावर जड तेल सोडून त्याचे मोठे रेणू फोडायचे, हा त्यांचा प्रयोग. बाकीचे त्यातून पेट्रोल काढत. सरांना प्रोपिलीन वायू हवा होता, प्लास्टिकचा आणि धाग्यांचा कच्चा माल. "उद्या गाड्या विजेवर पळतील. मग रिफायनऱ्या काय पेट्रोल पीत बसतील व्हय? बादल्या, सुतळ्या तर लागतीलच की! उत्प्रेरकाची भोकं बारीक ठिवा, कडब्याच्या कुट्टीगत तुकडं बी बारीक पडतील." मी हसलो की म्हणत, "हस लेका. नोकरी तितंच करशील."

शेवटचा नमुना तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी भवानी पेठेत मित्राच्या लग्नाला जेवायला गेलो. परतलो तर ब्लॅडर मऊ पडलेला. प्रयोग पुन्हा करायचा तर सरांना सांगावं लागलं असतं. मी आधीच्या दुपटीहून मोठा आकडा वहीत लिहून टाकला. सर खूश होतील म्हणून. झालेही.

सरांनी तो आकडा निबंधात छापला. पुढच्या चर्चासत्रात एका रिफायनरीचे तज्ज्ञ उठले. "आम्ही करून पाहिलं, याच्या निम्माही येत नाही. रीडिंग घेतलं कुणी?"

मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. सर म्हणाले, "लॅब माझी हाय, म्हंजे रीडिंग माझंच."

लोक हसले. प्रयोग बंद पडला, तो कायमचा. बाहेर आल्यावर सरांनी मला एवढंच विचारलं, "च्या घेतलास का?"

पुढे मी खरंच रिफायनरीत लागलो. यंदा आमच्या युनिटनं पेट्रोल कमी करून प्रोपिलीन वाढवला. या खेपेला सगळं कबूल करायचंच, असं ठरवून एका दुपारी सोलापूरला त्यांच्या घरी गेलो. सर अंथरुणाला खिळलेले.

"तितं किती निघतो रं?"

मी सांगितलं. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग चेहरा उजळला. "म्हंजे आपला आकडा लई चुकला न्हवता की! माणसं उगंच हसली."

"व्हय, सर," मी म्हणालो.

पंधरवड्यात सर गेले. तो आकडा त्यांचा नव्हता, माझा होता. एवढं त्यांच्यासमोर बोलायला मला अजून एक दुपार हवी आहे.