धुरी चालू असताना दार उघडत नाही

"रूपाली, बाहेर ये! काय चुगल्या चालल्यात आत?"

"धुरी चालली आहे. दार उघडणार नाही," मी आतून ओरडले.

बाहेर रूपालीचा नवरा. सकाळीच प्यायलेला.

धुरी म्हणजे निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बाळंतिणीला द्यायचा शेक. तेवढा वेळ खोली बंद, पुरुषाला मज्जाव. बाळ-बाळंतिणीच्या मालिशची एजन्सी मी एकटीने उभी केली आहे. हाताखाली बायका आहेत. तरी धायरीला रूपालीच्या सोसायटीत माझं नाव 'तेलवाली'. ते मी विसरलेली नाही.

धूर भरला की भिंती विरघळायच्या. पंखा, कपाट, बाहेरचा टीव्ही, सगळं लांब कुठेतरी जायचं. उरायचे फक्त माझे हात आणि रूपालीची ऊबदार पाठ. तेलाने कातडी चमकते, त्यामुळे दंडावरचे बोटांचे वळ लपत नाहीत. मी तिथे हात हलका केला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. डोळे मिटूनच.

"मावशी, बाळ रडतं ते ऐकू येतं. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. वाटतं, या धुरासारखं आपणही खिडकीतून निघून जावं."

माझे हात थांबले. खिडकी सातव्या मजल्यावर होती.

"आईकडे जायचंय?"

"बाळाला घेऊन? हे लोक सोडतील?"

"ते माझ्यावर सोड."

राग आला होता. पण रागात सौदा बिघडतो, हे मी भाजी विकायचे तेव्हाच शिकले. बाहेर आले तेव्हा नवरा सोफ्यावर घोरत होता. तिच्या सासूला थाप मारली, "काकू, उद्यापासून मला धायरीला जमणार नाही. कामं सगळी शहरातल्या पेठांत आहेत."

"अहो, असं कसं? सव्वा महिना पुरा करायचं ठरलंय! नातवाची मालिश अर्धी सोडता?"

"मग कसबा पेठेत आणा. हिचं माहेर तिथेच आहे ना?"

"आमच्या घराण्यात सून माहेरी राहत नाही."

"मग दुसरी बाई बघा. बाळाचे पाय अजून सरळ व्हायचेत."

काकू घासाघीस करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, सव्वा महिन्यापुरतं. पण पाळणा इथेच राहील, म्हणजे परत यावंच लागेल."

मी तोंड पाडून कबूल केलं. पाळणा कुणाला हवा होता? बाळ, लसीकरणाची फाईल आणि रूपाली त्याच दुपारी माझ्याबरोबर रिक्षात बसली.

तिच्या आईला मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने रूपालीला डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, सासू म्हणायची तसा आळस नव्हे, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. नवरा एकदा जिन्यात येऊन बरळला. तिच्या आईने पोलिसांना फोन केला. सव्वा महिना झाला तरी रूपाली परत गेली नाही.

एका सकाळी पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालत होते. उन्हाच्या तिरिपेत वाफ तरंगत होती. रूपाली उंबऱ्यात उभी होती, नुकती जाग आल्यासारखी. पदर पसरून म्हणाली, "द्या इकडे. माझा आहे तो."

धायरीची सगळी कामं गेली. "तेलवालीने घर फोडलं," असं काकूंनी सोसायटीभर सांगितलं. एवढं करून नाव तेलवालीच राहिलं.

मी मात्र एक शिकले. समोरच्याला पाळणा जिंकू द्यावा आणि आपण बाळ-बाळंतीण घेऊन निघावं.