वीस टक्क्यांच्या वर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. आणि ऐकलंत तर तुम्ही आधी हसाल, कारण गोष्ट एका लॅपटॉपच्या बॅटरीची आहे. हसा. मीही पुष्कळदा हसून पाहिलं — जमत नाही.

दारव्ह्याला आमच्या घरी एक रीत होती, तुमच्याकडेही असेल: लाइन, म्हणजे वीज, आहे तोवर सगळं भरून घ्यायचं. नळाला पाणी आलं की हंडे भरतात, तसं लाइन आली की मोबाइल, टॉर्च, जे असेल ते लावून ठेवायचं, काढायचंच नाही. मी मात्र शाळेच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप ऐंशी टक्क्यांना काढायची. मी पिन ओढली की सासूबाई हळहळायच्या. सतत शंभरवर लावून ठेवला तर बॅटरी लवकर खराब होते, वारंवार वीसच्या खाली गेला तरी तेच. उन्हात ठेवायचा नाही, गादीवर ठेवायचा नाही, खालून तापतो — हे सगळं मी वाचलं होतं आणि पाळत होते. कसं? सोवळं पाळावं तसं.

भीती होती हो. बोंडअळीचं वर्ष. हे जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबाला होते. कापूसच आला नाही, जिनिंग संक्रांतीलाच बंद पडली आणि हे घरी बसले. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं. सासऱ्यांची तब्येत, पुढचा हंगाम — यातलं माझ्या हातात काय होतं? काहीच नाही. बॅटरी होती. दिवसातून कितीदा तरी उघडून मी तिचा आकडा बघायची, वर्गात पोरं गणितं सोडवत असली तरी.

आणि वर्षा. माझी धाकटी नणंद. तिला घरबसल्या मराठी टायपिंगचं काम मिळणार होतं, पुण्याच्या एका छापखान्याचं. त्याआधी ऑनलाइन परीक्षा, तासाभराची, गावातल्या नेट कॅफेत बसून द्यायची. सासरे म्हणाले होते, "काम लागलं त दोन वर्स थांबू. नाही त पोरगा पाहून ठेवला हाय." तिला तो मुलगा नको होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं — माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

मे महिना. आदल्या दिवशी वादळ झालं, खांब पडले, अख्ख्या गावाची लाइन गेली. परीक्षेच्या सकाळी वर्षा दारात आली. "वैनी, लॅपटॉप देता का? लाइन त येऊनच नाही राह्यली, कॅफे बंद हाय. नेट मोबाइलवरून घेतो." लॅपटॉप माझ्या कपाटात होता, साड्यांखाली. चार्जिंग साठच्या पुढे होती. बॅटरी जुनी — तासभर चालली असती, पण वीसच्या खाली गेली असती. मग लाइन कधी येणार? तसाच रिकामा पडून राहिला तर? एवढंच माझ्या डोक्यात आलं. खरंच एवढंच? मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. हो. एवढंच.

"चार्जिंगच नाही व त्याच्यात," मी म्हणाले. "कालच बंद पडला."

"जाऊ द्या मंग," ती म्हणाली.

एका दिवसानं बॅटरीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या सवयीनं. हे मला मागाहून कळलं असं इथे सांगता आलं असतं — पण नाही, मला तेव्हाही माहीत होतं.

परीक्षा पुन्हा मिळाली नाही. तिनं फोन करून पाहिले, ते म्हणाले जागा भरल्या. दसऱ्यानंतर लग्न झालं, त्याच मुलाशी, पुसदला. ती सुखात आहे का? माहेरी आली की दुपारभर झोपते. कुणी विचारलं तर "बरं हाय" म्हणते. मी कधी विचारलेलं नाही.

आणि अजून एक राहिलं. ते सांगायचं मी इतका वेळ टाळते आहे.

त्याच दिवशी, दिवेलागणीची वेळ. लाइन अजून आली नव्हती. मी खोलीत एकटी होते. कपाट उघडलं, लॅपटॉप काढला, चालू केला. काम काहीच नव्हतं — बॅटरी किती उरली, ते बघायचं होतं. तेवढ्यात वर्षा मेणबत्ती घेऊन आत आली. "अंधारात बसल्या असान म्हटलं," असं म्हणता म्हणता थांबली. पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला होता. तिनं आधी तो पाहिला, मग मला पाहिलं. लॅपटॉप मिटायला माझा हात उचलला गेला नाही. तिनं मेणबत्ती खिडकीत ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. जेवताना तिनंच मला वाढलं, पोळीला तूप लावून.

त्यावर ती आजपर्यंत एक शब्दही बोललेली नाही. मीही नाही.

चार्जिंग होती, वर्षा. मी दिली नाही.