हर्सूलची गांडुळं मालवणच्या समुद्रात

लेकीला पहिल्या माहेरपणाला आणायला मी औरंगाबादहून निघालो, तेव्हा पिशवीत व्याह्यांसाठी हिमरूची शाल होती आणि माशांसाठी गांडुळं. व्याह्यांनी निरोपच तसा धाडला होता. समुद्राच्या तळाचा एक मासा स्वतः काढा आणि सून महिनाभर घेऊन जा. थट्टाच ती, पण हर्सूलच्या तळ्यावर माझ्या गळाला मान आहे, त्यामुळे मी ती मनावर घेतली. बायकोनं फाटकातच बजावलं, "लेकीला घेऊनच या. नायतर तुमी बी तिकडंच ऱ्हावा."

घाटात एसटीनं आचका दिला आणि गांडुळांच्या डब्याचं झाकण उडालं. शेजारच्या बाईंनी पाय सीटवर घेऊन "साप! साप!" म्हणून गाडी थांबवली. मी सीटखाली रांगत एकेक गांडूळ गोळा करत होतो.

"ह्यांची तिकिटं काढलीत का?" कंडक्टरनं विचारलं.

मालवणला पोचलो. समुद्र पाहून हर्सूलचं तळं डबक्याएवढं वाटलं, पण तसं दाखवलं नाही. दुसऱ्या सकाळी व्याह्यांनी होडीत घेतलं आणि डब्यात डोकावून म्हणाले, "व्याहीनू, ह्या काय हाडलात?" (हे काय आणलंत?)

"आमच्याकडं मासा यालाच लागतो," मी ऐटीत सांगितलं.

शिसं बांधून गळ सोडला. वर ओढला तर घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. तळ गाठण्याआधीच वाटेतल्या चिल्लर माशांनी गांडूळ फस्त केलं होतं. मग मी हिंग घालून मळलेले ज्वारीच्या पिठाचे गोळे काढले. ते खाऱ्या पाण्यात विरघळून गेले. ऊन डोक्यावर आलं. रिकाम्या हातानं फाटक उघडतोय असं डोळ्यांपुढे आलं आणि मी खरंच रडायच्या बेतात होतो.

व्याह्यांनी माकुलाची (मऊ अंगाच्या, बऱ्याच पायांच्या समुद्री जीवाची) एक पट्टी पुढे केली. "तळाच्या माशाक तेच्या घरचा जेवाण व्हया," (त्याच्या घरचं जेवण हवं) ते म्हणाले.

चिवट पट्टी दोनदा टोचून मी टोक लोंबतं ठेवलं. चिल्लर माशांना ती तोडवेना. थोड्या वेळानं तळाशी दोरी थरथरली आणि तिला असा हिसका बसला की व्याह्यांनी मागून सदरा धरला नसता, तर मीच आमिष झालो असतो. वर आली ती तांबोशी, लालसर आणि चांगली हातभर.

"घेवन जावा चेडवाक," (लेकीला घेऊन जा) व्याही म्हणाले. "म्हयनो कित्याक, दोन ठेवा!" (महिनाच कशाला?) आणि पोट धरून हसले. इतकं हसण्यासारखं काय, ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं भरीत, ठेचा, धपाटे असा लेकीच्या आवडीचा सपाटा लावला. लेक मिटक्या मारत जेवली. घर भरल्यासारखं वाटलं. पण आठवडाही सरला नाही, तोच एका दुपारी भाकरीचा तुकडा ताटात फिरवत तिनं विचारलं, "आई, सुका बांगडा नाय का गं घरात? सासूबाई काय झकास भाजतात!"

व्याही का हसले होते, ते तेव्हा कळलं.

"बघत काय बसलात?" बायको माझ्यावरच उखडली. "जावा की बाजारात!"

महिना अजून बराच उरला होता. मी पिशवी उचलली आणि समुद्रापासून इतक्या लांबच्या या गावात सुका बांगडा शोधत निघालो.