चंद्र शिकवायचा नाही

पांढुर्ण्यात आमच्या समाजाच्या कमिटीनं शाळा काढायची ठरवली, तेव्हा विज्ञानाचा अभ्यासक्रम लिहायला मला बोलावलं. मी मुसलमान घरातली, मराठीतून शिकलेली आणि सौंसरच्या एका खासगी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलेली. दीन आणि दुनिया, दोन्ही एकाच छताखाली शिकवायचं, असं कमिटीचं म्हणणं होतं. दीनची बाजू, म्हणजे कुराण, नमाज, आचरण, हाफिजसाहेबांकडे दिली होती. हे आधी कळलं असतं तर मी सौंसरहून बसच पकडली नसती.

हाफिजसाहेब मूळचे रामाकोन्याचे. पूर्वी ते सौंसरच्या मशिदीत सकाळी मुलांना कुराण शिकवायचे, आणि माझी मुलगी त्यांच्याकडे जायची. एका थंडीत ती उशिरा पोचली म्हणून त्यांनी तिला दाराबाहेर उभं ठेवलं. मी जाब विचारायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "घरी शिस्त लावली असती तं मले लावा लागली नसती." मी त्याच दिवशी मुलीला तिथून काढलं. तेव्हापासून आमचा सलामसुद्धा बंद होता.

पहिल्याच बैठकीत त्यांनी सकाळचा सगळा वेळ मागितला. "पोरं सकाळी ताजी असतात. थो वेळ दीनचा. मंग मॅडमनं काय शिकवाचं ते शिकवावं."

"तुमच्याकडून येतात तेव्हा ती पेंगत असतात," मी म्हणाले. "पेंगणाऱ्या मुलांना मी काय शिकवणार?"

कमिटीचे अध्यक्ष संत्र्याचे व्यापारी. त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत. मंडीत भाव जुळवतात तसं ते म्हणाले, "दोघंही थोडं थोडं सरका ना." आम्ही कोणीच सरकलो नाही. मग सदरसाहेबांनी बाहेरून एक तज्ज्ञ आणला.

हा तज्ज्ञ कोट घालून आला आणि त्यानं प्रोजेक्टरवरून भिंतीवर रंगीत पानं दाखवली. त्याच्या पुस्तकात विज्ञानाच्या प्रत्येक धड्याखाली एक हिरवी चौकट होती आणि चौकटीत कुराणातली एक आयत. जलचक्राच्या धड्याखाली पावसाची, झाडांच्या धड्याखाली बियाण्याची. गणितात जकातीची, म्हणजे कमाईतून द्यायच्या दानाची, उदाहरणं होती, ती मात्र चांगली होती. मी ती नंतर वापरलीही. पण त्या हिरव्या चौकटी पाहून माझं डोकं फिरलं.

"पाऊस का पडतो, असं मी परीक्षेत विचारलं आणि मुलीनं चौकट उतरवून दिली, तर मार्क द्यायचे की नाही?" मी विचारलं. "बाष्पीभवन ती कधी शिकणार?"

तज्ज्ञ हसला. मॅडम, आपण मुलांच्या मनात दोन्ही जोडतो आहोत, असं काहीतरी तो हिंदीतून बोलला.

तेवढ्यात हाफिजसाहेब बोलले. "हे पुस्तक पोरगं दप्तरात टाकंल. दप्तर जमिनीवर, त्याच्यावर डबा. वर्षाच्या आखरीले पुस्तक रद्दीत. मंग त्या पानावर कोणीतरी आलूबोंडा बांधून देईल. आयत हाये ते. तुम्ही काय समजून राहिले?"

सदरसाहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्ही दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले. लिहून घेऊ, दोघांची हरकत."

"माही हरकत अलग हाये," हाफिजसाहेब म्हणाले. "मॅडमच्या संगं लिहू नका."

"माझीही त्यांच्यासोबत लिहू नका," मी म्हणाले.

चौकटी गेल्या, तज्ज्ञही गेला. शाळेचं माहितीपत्रक मात्र त्याच्याच शब्दांत छापून झालं होतं, ते पालकांना वाटलं गेलं. प्रत्यक्षात हाफिजसाहेबांची खोली एका टोकाला, चटया आणि बाहेर चपलांची रांग. माझी खोली दुसऱ्या टोकाला, बाकं आणि फळा. एकाच छताखाली एवढंच खरं होतं. काही निरोप असला तर आम्ही तो चपराश्याकरवी पाठवायचो.

रमजानच्या आधी सहावीच्या वर्गात मी चंद्राच्या कला शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चंद्र कधी कुठं असते हे आधीच काढता येते, तं मंग रमजानचा चंद्र आपण गच्चीवर जाऊन कायले पाहतो?" मी म्हटलं, हे हाफिजसाहेबांना विचार. खरं तर मी त्यांना डिवचायलाच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. "हाफिजसाहेब विचारून राहिले, चंद्र हाये हे गणितानं समजते, पण दिसंल का, हे समजते का?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मला अधिकच राग आला. मी घरी वाचून काढलं आणि कळवलं, की अंदाज बांधता येतो, ढगांचा भरवसा देता येत नाही. त्यांनी उलट कळवलं, "मंग आमचंच बरोबर." मी मुलीला म्हणाले, "त्यांना विचार, नमाजाच्या वेळा तर तुम्ही छापील तक्त्यात पाहता. त्या कोण रोज सूर्य पाहून ठरवतो?"

आठवडाभर सहावीची मुलं या खोलीतून त्या खोलीत वाद नेत होती. तितक्या लक्षानं ती एरवी कधीच ऐकत नसत. पण वाद घरोघरी पोचला आणि मॅडम नमाजावर बोलतात, असं म्हणत काही पालक आले. सदरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मॅडम नमाजाबद्दल काही वाईट बोलल्या का?" त्यांनी हाफिजसाहेबांना विचारलं.

"नाही. सवाल बरोबर होता. मी जवाब देऊन राहिलो होतो, तुम्ही मधात आले." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पण पोरांच्या तोंडून कायले? मले विचारायची हिंमत नाही का?"

"सुरुवात तुमच्या निरोपानं झाली," मी म्हणाले.

सदरसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि निकाल दिला. ईद होईपर्यंत दोघांनीही चंद्र शिकवायचा नाही.

मग मी सूर्य घेतला. मैदानात काठी रोवली आणि मुलांना सावली मोजायला लावलं. बारा वाजले तरी सावली आखूड होतच होती. ती बारालाच सगळ्यांत आखूड का नसते, हे मी सांगणार तेवढ्यात मागून हाफिजसाहेबांचा आवाज आला, "घड्याळाचे बारा आन् सूर्याचे बारा एक नसतात, पोरांनो. आन् काठी वाकडी हाये."

"सरळ आहे," मी म्हणाले.

"असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ या सावलीवर निघते. मी सावली मोजत मोठा झालो. वाकडी हाये म्हणतो तं हाये."

माझं वाक्य त्यांनी माझ्याच वर्गात, माझ्याआधी बोलून टाकलं होतं. मी ओळंबा आणायला लावला. काठी खरंच थोडी कलली होती. त्यांनी ती स्वतःच सरळ केली, आणि तेच मला जास्त लागलं. दुपारची मूळ सावली असरच्या हिशेबातून वजा करायची असते, हे त्यांनी मुलांना सांगितलं. ती ऋतूप्रमाणे बदलते, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, हे त्यांना ठाऊक आहे. मी म्हणाले, मी मुलांना सांगते आहे. सदरसाहेब ऑफिसातून धावत आले, त्यांना वाटलं भांडण चाललंय. भांडणच होतं.

सावलीचा तास आता वेळापत्रकात आहे, आणि त्यावर आम्हा दोघांच्याही सह्या आहेत, वेगवेगळ्या रकान्यांत. त्या तासाला ते काठीच्या एका बाजूला उभे राहतात, मी दुसऱ्या. सलाम अजून बंदच आहे.