बहिणीच्या ढावलोवर वाजलेला बँड

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आमच्या तांड्यावर पहिल्यांदा बँड वाजला, आणि तो आणणारा दीडशहाणा मी. साल साठ-एकसष्ट असेल. तांडा घाटंजीपासून दोन कोस आत. मी यवतमाळला कापसाच्या जिनात कामाला होतो. शेजारच्या खोलीत एक बँडमास्तर राहायचे, त्यांच्याकडून क्लॅरिनेट शिकलो आणि दोन वर्षांत त्यांच्या पार्टीत उभा राहिलो. अंगात लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झिरमिळ्या. तांड्यावरचं पोर कोट घालून बाजा वाजवतं म्हटल्यावर डोकं ठिकाणावर राहतं का? माझं नाही राहिलं.

"मास्तर, बहिणीच्या लग्नात वाजवू," मी म्हणालो.

"अबे, तुही बहीण ते आमची बहीण. सगळेच येतो," मास्तर म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

लग्नाच्या महिनाभर आधी घरी गेलतो तेव्हा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला बाजूला घेतलं. आम्ही घरात आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचो, इथं मराठीत सांगतो. ती म्हणाली, "तिच्या ढावलोत तुह्या वाट्याचं तिनं सोताच जोडलं हाये. कापूस वेचता वेचता जुळवलं, पण कोणाले सांगत नाही. तुले काहीतरी इचारणार हाये म्हणे. नीट आयकजो अन् नीट उत्तर देजो."

ढावलो म्हणजे आमच्या नवरीचं रडणं. नुसतं हमसून रडणं नव्हे, त्याला सूर असतो, शब्द असतात. म्हाताऱ्या बाया दोन-दोन महिने पोरीला ते शिकवतात. निघायच्या आधी नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्याच्यासाठीचं ढावलो म्हणते. आईला वेगळं, बापाला वेगळं, मैत्रिणींना वेगळं. ज्याच्या गळ्यात पडली त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलायचं असतं. आमचे वडील नव्हते, म्हणून बापाच्या जागी मीच. हे सगळं मला माहीत होतं. नव्हतं असं नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं आम्ही सात जण निघालो. मोठा ढोल टपावर टाकण्यावरून कंडक्टरशी बाचाबाची झाली. ढोलवाला ऐकेना. "याले ऊन लागते, चामडं फाटते," म्हणून त्यानं ढोल मांडीवर घेतला आणि घाटंजीपर्यंत त्याचं तोंड कोणाला दिसलं नाही. पुढं तांड्यावरून बैलांच्या दोन दमण्या आल्या होत्या. वैशाखाचं ऊन, कोटाच्या आत घामाच्या धारा, पण कोट काढेल तर तो मी कसला!

तांड्याच्या तोंडाशी उतरलो आणि वाजवतच आत शिरलो. काय तो गोंधळ! दोन गोऱ्हे दावं तोडून नाल्याकडं पळाले. एक म्हातारा झोपडीत शिरून दार लावून बसला. बाया फेटिया, म्हणजे त्यांचे घेरदार घागरे, सावरत, हसत बाहेर आल्या. तांड्याचा नायक काठी टेकत आला आणि माझ्या झिरमिळ्यांना हात लावून बघून गेला. कुडाच्या फटीतून बहीण बघत होती, हळदीनं पिवळी झालेली. मला बघून तिनं तोंडावर हात धरला. हसत होती की काय, कोण जाणे. मी आणखी जोर लावला.

दुपारभर वाजवलं. भजनाच्या चाली झाल्या, सिनेमाच्या झाल्या. उमरखेडकडून आलेलं वऱ्हाड खूश होऊन नाचलं. मास्तर मधून मधून पाणी मागायचे आणि म्हणायचे, "तुह्या लोकायले कान हाये रे." मी फुलून गेलो होतो.

ऊन कललं, निरोपाची वेळ झाली. मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला. बहिणीनं पहिल्यांदा याडीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरला. काय आवाज होता तिचा! मांडवातल्या बाया पदर तोंडात घालून रडायला लागल्या. याडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून उत्तर दिलं. मग मावशी झाली, मैत्रिणी झाल्या, चुलता झाला. प्रत्येकानं उत्तर दिलं.

तेवढ्यात माझ्यामागून ढोलवाला झांजवाल्याच्या कानात बोलला, "काहून बे, कोणी मेलं का काय? हे कशी रडून राह्यली?" दोघं फसकन हसले.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. पण ते हसू माझ्या मानेवर आलं आणि मला लाज वाटली. आजवर हे कोणाला सांगितलं नाही, आता सांगतो. मला माझ्या याडीची, त्या फेटियांची, त्या सुराची लाज वाटली. दिवसभर ज्यांच्यासोबत मिरवलो त्यांच्यापुढं माझी माणसं मला गावंढळ वाटली.

बहीण माझ्याकडं वळली. दोन्ही हात पुढं करून येत होती. आणि मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. बिदाईची म्हणून शहरात जी सिनेमाची चाल वाजवतात, ती सुरू केली. मी सुरू केली म्हटल्यावर पार्टीनं पकडली. कॉर्नेट आलं, ढोल आला, झांज आली.

ती थांबली नाही. माझ्या गळ्यात पडायचं तर मधे बाजा, म्हणून तिनं माझे दोन्ही खांदे धरले, झिरमिळ्यांसकट. तोंड वर करून म्हणत राहिली. तिचे ओठ हलताना मी बघत होतो, गळ्याची शीर फुगलेली बघत होतो. शब्द एक ऐकू आला नाही. म्हणून झाल्यावर ती माझ्याकडं बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मी कडवं पुरं करत होतो. मग बायांनी तिला धरून नेलं.

नायकानं काठी उगारली तेव्हा बँड थांबला. रीतीप्रमाणं तिला बैलाच्या पाठीवर उभं केलं, तिनं हात वर करून साऱ्या तांड्याचा निरोप घेतला आणि वऱ्हाड निघालं. तेव्हाही धावत जाऊन विचारता आलं असतं. पाय उचलला नाही.

परतताना दमणीत मास्तरांनी विचारलं, "ते पोरगी तुले काय म्हणत होती रे?"

"काही नाही, आमच्यात तसं रडतात."

"बहीण गळ्यात पडाले आली अन् तू पुंगी फुकत होता? मी थांबवलं होतं ना बँड! तू चालू केलं म्हणून आम्ही धरलं. लाज नाही वाटली तुले?"

वाटली होती ना, मास्तर. म्हणूनच तर वाजवलं. पण हे आज म्हणतो, तेव्हा मी क्लॅरिनेट पुसत बसलो.

पुढं विचारीन विचारीन म्हणत राहिलो. पहिल्या वर्षी ती एकदा माहेरी आली तेव्हा माझा लग्नसराईचा हंगाम. मी गेलो तेव्हा ती परत गेलेली, आणि पुढं ती आलीच नाही. खरं सांगायचं तर टाळत होतो.

तिसऱ्या वर्षी घाटंजीच्या बाजारात तिच्या तांड्याकडचा एक जण भेटला. त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं, तिचं दुसरं लेकरूही गेलं. दुसरं? आम्हाला पहिल्याचंही ठाऊक नव्हतं! तिथूनच उमरखेडची गाडी धरली.

ती अंगणात गोवऱ्या थापत होती. हातापायांच्या काड्या झालेल्या. मला बघून उठली, हात धुऊन पाणी दिलं. माझा संताप संताप झाला. मी ओरडलो, "काहून कळवलं नाही? मेलो होतो का आम्ही?"

ती रागावली नाही. जणू कालचीच गोष्ट असावी तशी म्हणाली, "इचारलं होतं ना भिया, लग्नात. माह्यावर दुःख पडलं तं मले घ्याले येशील का म्हून. सगळ्यायनं उत्तर दिलं. तू वाजवतच राह्यला. मले वाटलं, नाही म्हणतो."

मी तिच्या पायाशी बसलो. ऐकूच आलं नाही, असं सांगितलं. लाज वाटली म्हणून वाजवलं, हेही सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"चाल," मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता चाल. मी घ्याले आलो."

"आता कशी येऊ, भिया?" ती म्हणाली. "माही दोन्ही लेकरं इथं मातीत हायेत. त्यायले सोडून कुठं येऊ?"