सरपंचाची ऐट

नऊ वर्षांची असताना मी अगदी सरपंचासारखी उभी राहायचे. पोट पुढं, कंबर आत, खांदे मागं. जाड मुलीला काय काय म्हणतात ते शाळेत सगळं म्हणून झालं होतं. पण आजोबांबरोबर वडगावच्या बाजारात गेले की माझी पत वाढायची. एकदा एका गृहस्थांनी आजोबांना गटाराची तक्रार सांगितली आणि सबंध वेळ बघत राहिले माझ्याकडे. मी मान डोलावली. ते समाधानानं गेले.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते दोनदा पडले होते आणि आपण वाकून चालतो म्हणूनच मतं गेली, अशी त्यांची पक्की समजूत होती. सरपंचपद आज ना उद्या महिलांसाठी राखीव होणार, हे त्यांनी हेरलं होतं. म्हणून ते मला हात मागं बांधून उभं राहायला शिकवायचे.

माझी पाठ दुखायची. कमरेत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं वाटायचं. मी सांगितलं की आबा म्हणायचे, "पुढाऱ्यांची दुखतीच. लय उभं ऱ्हावं लागतं."

आमच्या मावळात लग्नाला नवरा-नवरी लागतात ती उशिरा. आधी माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारतात, फेटे बांधतात, नारळ देतात. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, पण नावं संपत नाहीत. एका लग्नात आबांनी वशिला लावून माझंही नाव घुसवलं. सत्कार झालेल्यांनी स्टेजवरच उभं राहायचं, असा रिवाज. आजी-माजी चेअरमनांच्या रांगेत मी फेटा बांधून उभी राहिले. मुहूर्त टळून गेला. पाठीच्या कळांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना मुलीकडच्यांबद्दलची आपुलकी वाटली. माझ्या वाढदिवसाला त्या लग्नातलाच माझा फोटो फ्लेक्सवर छापून आबांनी चौकात लावला. खाली लिहिलं होतं, 'भावी सरपंच'.

शेवटी आई मला लोणावळ्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं घेऊन गेली. आबा सोबत आलेच. बाईंनी मला भिंतीला टेकून उभं केलं आणि माझी कंबर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मूठ आरपार घातली.

"पोटाचं वजन हिला पुढं ओढतं," त्या म्हणाल्या. "पडू नये म्हणून ती कंबर आत घेते. पोटाचे स्नायूही ढिले आहेत. ही ऐट नाही, आजोबा. तोल सांभाळतेय ती."

आबांनी विचारलं, "इलाज केला तर उभं ऱ्हाणं असंच ऱ्हाईल ना?"

"नाही. सरळ होईल."

"मग नगं," आबा म्हणाले.

त्यावर वाटाघाटी झाल्या. आबांची अट अशी, की व्यायाम घरी करावा, चारचौघांत मात्र जुनंच चालू ठेवावं. आईनं आबांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फरसाणाचे डबे वरच्या फळीवर गेले आणि मी ओसरीवर चार पायांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करू लागले. येणाजाणाऱ्यांना आबा सांगायचे, "दिल्लीत समदे पुढारी असलाच योगा करत्यात." संध्याकाळी आई मला धरणाच्या रस्त्यानं पळवायची. म्हणजे ती चालायची आणि मी तेवढ्याच वेगानं पळायचे.

आबा अधूनमधून मला भिंतीशी उभं करून कमरेमागं मूठ घालून बघायचे. ती अडकायला लागली तसे ते उदास होत गेले. पुढं एकदा बोटंच जेमतेम शिरली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी काही बारीक झाले नव्हते, पण पळताना आता आई मागं राहायची.

पुढच्या हंगामात शिरगावात लग्न होतं. नावं पुकारून झाली, अक्षता पडल्या, माझं नाव आलंच नाही. मी स्टेजखाली उभी होते, तर कुणीतरी म्हणालं, "ए पोरी, सरक जरा." मला इतका आनंद झाला की मी दोनदा सरकले.

आबा मांडवाच्या कडेला बसले होते. चेहरा पडलेला. मी जवळ गेले तर बराच वेळ माझ्या पाठीकडंच बघत राहिले.

"आता दुखतं का?"

"नाही."

"आदी दुखायचं?"

"रोज."

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगत होते, आबा."

आबा उठले आणि आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. आमच्या घरात आबांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. माझी पाठ दुखत नव्हती, तरी मी बसले. आबा माझ्या शेजारी उभे राहिले, वाकून, पंगत बसेपर्यंत.