फेट्यामागची देवराई

जुने नकाशे दुरुस्त करणं हा माझा उद्योग, त्यामुळे लोणावळ्याच्या दमट हवेशी माझं वैर आहे. त्याहून जुनं वैर लॅमिनेशनच्या दुकानांशी.

गेल्या पावसाळ्यानंतर इथल्या एका बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकांनी मला बोलावलं. वडिवळे गावाच्या वरची डोंगरउताराची जमीन ते पुतण्याबरोबर वाटून घेणार होते. पुतण्याला प्लॉट पाडायचे होते. देवराई मात्र जुन्या नकाशात दिसेल तेवढी राखायची, एवढं दोघांनी कबूल केलं होतं. मोजणी सोमवारी होती.

नकाशा टेबलावर होता, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये. आत कोंडलेल्या ओलीनं काळी बुरशी धरली होती, आणि तीही नेमकी देवराईवर.

"टिकावा म्हणून केलं हो," काका म्हणाले.

"टिकलीय. बुरशी."

प्लास्टिक सोलावं तर शाईही त्याच्याबरोबर निघाली असती. आधीचे फोटो आहेत का, विचारलं. भरपूर होते. लॅमिनेशनच्या आधी नकाशाचं चक्क लोकार्पण झालं होतं. शाल, श्रीफळ, निसर्ग वाचवण्यावर न संपणारं भाषण. प्रत्येक फोटोत प्रमुख पाहुणे नकाशासमोर उभे, आणि त्यांचा फेटा देवराईवर.

संध्याकाळभर मी फोटो चाळत होतो. बसवत नव्हतं. खिडकीशी जायचो, परत यायचो. शेवटी एक सापडला. पाहुणे वाकून पूजेसाठी काढलेली चप्पल शोधत होते, आणि मागे देवराईची हद्द ओढ्यापर्यंत स्वच्छ दिसत होती. ओढ्यापलीकडचा नकाशा मात्र सूत्रसंचालकांच्या खांद्यामागे.

"त्या खांद्यामागं झरा आहे, हिरड्याची झाडं आहेत. तीही देवराईच. मला पक्कं आठवतंय," काका म्हणाले.

"पुतण्याला तुमचं आठवणं चालेल?"

"त्याला माझं असणंच चालत नाही."

सोमवारी ओढ्यापर्यंत खुणा रोवल्या गेल्या. पलीकडच्या झऱ्याचा पुरावा आणायला पुतण्यानं महिन्याची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

तेव्हापासून मी समारंभाला आलेल्या एकेकाला फोन करतोय. वडिवळ्याचे एक आबा म्हणाले, "फोटो लय हायेत माज्याकडं. पन समदे सायबांचेच. झाडाचा फोटो कोन काढतंय?"

कुणाच्या तरी फोनमध्ये सूत्रसंचालक क्षणभर बाजूला झालेले असतील. ते तसे कधी होतात, असा माझा अनुभव नाही. जेसीबी ओढ्याशी आणून ठेवलाय. मी पुढचा नंबर लावतो.